पासपोर्ट कोणाकडे होते?

अंगकोर वाटला सूर्य देवळाच्या मागून उगवतो. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे पहाटे पाचला दरवाजे उघडले की सगळे समोरच्या तळ्याकाठी जाऊन उभे राहतात, मोबाईल वर धरतात, आणि उजाडायला लागलं की देवळाची शिखरं पाण्यात उलटी दिसू लागतात. गेल्या वर्षी जानेवारीत त्या गर्दीत मी होतो.

परत आल्यावर मी इन्स्टाग्रामवर आमच्या १९ दिवसांच्या ट्रिपबद्दल एक लांबलचक पोस्ट लिहिली. हनोई, होई आन, हो ची मिन्ह सिटी, फ्नॉम पेन्ह, सिएम रीप, बँकॉक. दोघांच्या पाठीवर दोन सॅक, रात्रीच्या स्लीपर बस, हॉस्टेलचे बंक बेड. त्या पोस्टमध्ये एक वाक्य होतं: अंगकोरला आम्ही सूर्योदय पाहिला आणि बराच वेळ कोणी काही बोललंच नाही. लोकांना तेच वाक्य आवडलं. दोघातिघांनी ते स्टोरीला लावलं.

बायकोने ती पोस्ट कांजूरमार्ग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत वाचली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "छान लिहिलंयस. पण मी सूर्योदय पाहिला नाही."

मला खरंच आठवेना. मग तिने आठवण करून दिली. पावणेसहाला तिच्या फोनवर मेसेज आला होता की आमची दुसऱ्या दिवशीची बँकॉकची बस रद्द झाली आहे. ती मागे एका दगडी पायरीवर बसून दुसरी बस शोधत होती. बुकिंगला पासपोर्ट नंबर लागत होते आणि पासपोर्ट तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये होते. सगळे १९ दिवस तिथेच होते.

"आणि आपण बोललो नाही," ती म्हणाली, "कारण तू तिकडे होतास आणि मी इकडे."

*

मराठीत एक सोय आहे जी हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीच्या 'वी'मध्येही नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा त्यात धरलेला असतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो.

ट्रिपच्या आधी आमच्या कांजूरच्या वन बीएचकेत सगळं 'आपण'मध्ये चाललं होतं. आपण हनोईला उतरू. आपण एसी नसलेली रूम घेऊ. आपण प्रत्येकी सात किलोच्या वर जायचं नाही. 'आपण'ची गंमत अशी की समोरचं माणूस लगेच म्हणू शकतं, "मला नाही जमणार." वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त होतं. परत आल्यावर मी तेच सगळं लोकांना सांगायला लागलो आणि 'आपण'चं 'आम्ही' झालं. व्याकरणाने ते बरोबरच आहे. पण 'आम्ही' म्हणताना जी दुसरी व्यक्ती त्या शब्दात असते, ती बहुतेक वेळा त्या खोलीत नसते. असली तरी पाहुण्यांसमोर "नाही, मी नव्हते पाहत" असं कोण म्हणतं? 'आम्ही' हा दोघांचा शब्द एकटा माणूस वापरतो आणि त्यातलं खरं-खोटं कोणी तपासत नाही.

हे एकदा लक्षात आल्यावर मी मराठीतली प्रवासवर्णनं वेगळ्या कानाने वाचायला लागलो. सुरुवात आईच्या कपाटातून झाली.

*

आईकडे 'अपूर्वाई'ची एक जुनी प्रत आहे. कोपरे मऊ झालेत, मधली काही पानं सुटलीत. आई आयुष्यात देशाबाहेर गेलेली नाही. पण लंडनचा विषय निघाला की ती अशी बोलते की जणू तिथल्या कुठल्यातरी गल्लीत तिची खोली होती. ही त्या पुस्तकाची ताकद आहे आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्याने ती कमी होत नाही.

संदर्भ थोडक्यात. १९५८ साली आकाशवाणीत असलेले पु. ल. देशपांडे टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीकडे इंग्लंडला गेले. सुनीताबाई सोबत होत्या. पुलंचा जन्म १९१९चा, सुनीताबाईंचा १९२६चा. म्हणजे ते अडतीस वर्षांचे आणि त्या बत्तिशीच्या आसपास. आजच्या हिशेबाने माझ्या ऑफिसमधले टीम लीड. इंग्लंडनंतर फ्रान्स, जर्मनी. 'अपूर्वाई' १९६०मध्ये आलं. पुढे आग्नेय आशिया आणि जपानचा प्रवास झाला, त्याचं 'पूर्वरंग' १९६३मध्ये. 'जावे त्यांच्या देशा' १९७४चं.

त्यांच्या पाठीवर सॅक नव्हती हे खरं. पण १९५७-५८मध्ये देशात परकीय चलनाचा मोठा तुटवडा होता, बाहेर जाताना किती पैसे नेता येतील यावर सरकारी बंधनं होती. मोजून खर्च करत, अनोळखी शहरात दोघांनीच फिरत देश पाहणारं मध्यमवर्गीय मराठी जोडपं, हे चित्र मराठी वाचकाला घरचं वाटलं ते या पुस्तकांमुळे. त्याआधी प्रवासवर्णनं नव्हती असं नाही. अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४०चं आहे, गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे' १९५९चं. पुलंनी वेगळं केलं ते असं की त्यांनी परदेशाकडे पाहणारा माणूस विद्वान ठेवला नाही. तो गांगरतो, कपड्यांत अवघडतो, काट्याचमच्यांशी झुंजतो आणि स्वतःवर हसतो. आपण बाहेर गेलो तर आपलंही असंच होईल, हा दिलासा वाचकाला मिळाला. मला हनोईच्या फूटपाथवर, इवल्याशा प्लास्टिकच्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन नूडल्स ओरपताना तो दिलासा आठवला होता.

पण यावेळी वाचताना मी या विनोदाचं यंत्र उघडून पाहिलं. ते चालतं कशावर? गांगरलेला नायक असेल तर शेजारी न गांगरलेलं कोणीतरी लागतं. वाट चुकण्यात मजा येते, कारण कोणीतरी वाट लक्षात ठेवलेली असते. आपल्या वेंधळेपणावर हसणं परवडतं, कारण किल्ल्या, पैसे आणि वेळापत्रक दुसऱ्याकडे सुखरूप असतं. या रचनेत बायको हुशार असते, शहाणी असते, बऱ्याचदा नायकापेक्षा वरचढही असते. वरवर पाहता हा तिचा गौरव आहे. फक्त एक गोष्ट तिच्या वाट्याला येत नाही: थक्क होणं.

पुस्तकाचं नावच 'अपूर्वाई' आहे. जे पूर्वी कधी पाहिलं नाही त्याचं कौतुक. सुनीताबाई त्या प्रवासात सोबत आहेत, पण डोळे, नाक, जीभ पुलंची. पॅरिस आपल्याला कळतं ते त्यांना जसं दिसलं तसं. बाली कळतं ते त्यांच्या कानांना जसं ऐकू आलं तसं. सुनीताबाईंना लंडनचा पहिला हिवाळा कसा लागला हे कळायचं तर तेही त्यांच्याच लेखणीतून. अपूर्वाई एकाच्या वाट्याला आली.

मी हे आईला बोलून दाखवलं. मला वाटलं ती चिडेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाईने सगळं नीट बांधून दिलं म्हणून त्याला विनोद सुचले. हे कळायला इंजिनीअर व्हावं लागतं का?"

*

या प्रवासांची दुसरी बाजू ३० वर्षांनी आली, आणि ती प्रवासवर्णन म्हणून आली नाही. १९९०मध्ये 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झालं तेव्हा सुनीताबाई चौसष्टीला आल्या होत्या. पुलंच्या चाहत्यांपैकी पुष्कळांना ते पुस्तक रुचलं नाही. घरातलं बाहेर कशाला, असा एकूण सूर. आमच्या पिढीने ना ती नाराजी पाहिली, ना ते पुस्तक फारसं वाचलं. पुलं आपल्याला क्लिप्समधून भेटतात; सुनीताबाई त्या क्लिप्समध्ये नसतात.

या पुस्तकाला आत्मचरित्र म्हणायला त्या तयार नव्हत्या. आठवणींच्या मुलखात मनाला येईल तसं हिंडणं, अशा अर्थाची उपमा त्यांनी वापरली. मला ती उपमा फार महत्त्वाची वाटते. देशोदेशी सोबत फिरलेली बाई जेव्हा स्वतःचं पुस्तक लिहिते, तेव्हा ती भटकंती हाच शब्द निवडते, पण फिरते ती स्वतःच्या आत. रत्नागिरीचं घर, बेचाळीसची चळवळ, १९४६चं नोंदणी पद्धतीचं लग्न, नाटकाचे प्रयोग, नवऱ्याचं लहान मुलासारखं वागणं, स्वतःचा तुसडेपणा. ती सरळ रेषेत जात नाही. एका आठवणीतून दुसरीत शिरते, परत फिरते, चुकते, कबूल करते. 'अपूर्वाई'त नकाशा आहे. इथे नकाशा नाही आणि सामान सांभाळायचीही गरज नाही.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एक विचित्र गोष्ट दिसते. पुलं बाहेरच्या जगाबद्दल लिहितात आणि घराबद्दल जवळजवळ गप्प राहतात. सुनीताबाई घराबद्दल इतक्या निर्भीडपणे लिहितात की वाचताना आपल्याला अवघडायला होतं. बाहेर पाहण्याची मुभा एकाला मिळाली तर दुसऱ्याची नजर आत वळते, असा नियम मी करणार नाही. दोन पुस्तकांवरून नियम होत नाही. पण हे आठवावं की सुनीताबाई घरात बसून राहिलेल्या बाई नव्हत्या. 'वंदे मातरम्' या १९४८च्या सिनेमात त्यांनी काम केलं, 'वाऱ्यावरची वरात'मध्ये रंगमंचावर उभ्या राहिल्या. दोघांची गाडी असायची तेव्हा स्टिअरिंगवर त्या असायच्या आणि पुलं शेजारी. जी व्यक्ती गाडी चालवते तिला खिडकीबाहेर फार वेळ पाहता येत नाही.

*

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मलाच पहिल्यांदा सुचला. पुलंनी सुनीताबाईंना गप्प बसवलं असं कुठे आहे? त्यांना लिहायचंच नसेल तर? आणि पुलंच्या हस्तलिखितांवर, प्रुफांवर, प्रयोगांवर, हिशेबावर त्यांची किती कडक नजर असायची हे सर्वांना माहीत आहे. त्या अर्थाने ही पुस्तकं त्यांचीही नाहीत का?

मी रोज गिट वापरतो. जे वापरत नाहीत त्यांच्यासाठी: अनेक जण मिळून कोड लिहितात तेव्हा कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर. त्यातल्या प्रत्येक नोंदीत नावाच्या दोन जागा असतात, हे खूप इंजिनीअरांनाही माहीत नसतं. एक ऑथर, म्हणजे बदल ज्याने लिहिला तो. दुसरा कमिटर, म्हणजे तो बदल ज्याने प्रत्यक्ष नोंदवला, लावला तो. बहुतेक वेळा दोन्ही ठिकाणी एकच नाव असतं, म्हणून फरक कळत नाही. साधी यादी पाहिली तर फक्त ऑथर दिसतो. कमिटर पाहायचा असेल तर वेगळा पर्याय मुद्दाम टाइप करावा लागतो.

सुनीताबाईंची जागा मला ही वाटते. त्यांच्याशिवाय ती नोंद झालीच नसती, पण यादीत नाव एकच. इथे अन्याय कोणी केला हे शोधण्यात मला रस नाही. पुलंनी तेव्हाच्या कुठल्याही नवऱ्यापेक्षा वेगळं काही वाईट केलेलं नाही, उलट बायकोला बरोबरीने सोबत घेऊन फिरले. माझा प्रश्न लेखनप्रकाराबद्दल आहे. दोघांनी केलेल्या प्रवासाला प्रवासवर्णन नावाचा प्रकार एकच नाक का देतो? आणि तो हे इतक्या सहज करतो की १९६०मध्ये पुलंसारख्या अव्वल लेखकाच्या हातून जे झालं, तेच आता माझ्यासारख्या हौशी माणसाच्या हातून इन्स्टाग्रामवर होतं.

*

हे फक्त मराठीचं दुखणं नाही. आमच्यासारखे सॅकवाले ज्या पुस्तकांवर वाढले ती लोनली प्लॅनेटची मालिका एका जोडप्यानेच सुरू केली. टोनी आणि मॉरीन व्हीलर १९७२मध्ये लंडनहून निघाले आणि जमिनीवरून मजल दरमजल करत ऑस्ट्रेलियाला पोचले. तिथे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं जुळवून त्यांनी १९७३मध्ये पहिलं पुस्तक काढलं, 'अक्रॉस एशिया ऑन द चीप'. प्रवास दोघांचा, पानं जुळवणारे हात दोघांचे, लेखक म्हणून नाव टोनीचं.

किंवा मुराद ओस्मान या रशियन फोटोग्राफरची 'फॉलो मी टू' मालिका घ्या. २०११मध्ये बार्सिलोनात तिची सुरुवात झाली. त्याची मैत्रीण नताल्या, पुढे त्याची बायको, त्याचा हात धरून त्याला पुढे ओढते आहे, असा प्रत्येक फोटो. समोर कधी ताजमहाल, कधी एखादं वाळवंट. ती पुढे आहे, वाट ती दाखवते आहे. पण आपल्याला तिची पाठ दिसते, चेहरा नाही. समोरचं ती सगळ्यांत आधी पाहते आणि तिला काय वाटलं ते आपल्याला कधीच कळत नाही. त्या मालिकेची नक्कल आपल्याकडे प्रत्येक प्री-वेडिंग शूटमध्ये झाली. माझ्याही झाली.

मराठीत उलट उदाहरण शोधायला बरंच मागे जावं लागतं. एप्रिल १८८३मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. गोपाळराव मागे राहिले. मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मधल्या काळात त्यांनी गोपाळरावांना पत्रं लिहिली. काशीबाई कानिटकरांनी १८८९मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं तेव्हा ही पत्रं कामी आली. या पत्रांतली आनंदीबाई पाहते, बिचकते, ठाम होते, नवऱ्याशी वाद घालते. पाहणारी तीच आणि लिहिणारीही तीच.

पत्रात 'आम्ही' चालत नाही. समोरचा माणूस वाचणार असतो आणि उत्तर देणार असतो. तिथे खोटं वाक्य परतीच्या टपालाने पकडलं जातं. पुढे गोपाळराव अमेरिकेला पोचले, आणि १८८६च्या अखेरीस दोघं एकत्र परत आले. तोवर क्षयाने त्यांना पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. दोघांनी एकत्र केलेल्या त्या परतीच्या प्रवासाचं त्यांचं आपसातलं लेखन असणार कुठून? शेजारी बसलेल्या माणसाला पत्र कोण लिहितं?

मीना प्रभूंनी हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. 'माझं लंडन'पासून 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'चिनी माती', 'गाथा इराणी'पर्यंत त्यांच्या पुस्तकांतली बाई स्वतःच्या पायांनी हिंडते आणि स्वतःच्या नजरेने पाहते. तिकीट तीच काढते, रस्ता तीच चुकते आणि थक्कही तीच होते. पासपोर्ट आणि अपूर्वाई एकाच पर्समध्ये. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली आज सोलो ट्रिपला जातात. त्याची कारणं सांगताना त्या स्वातंत्र्य, सुरक्षितता, पैसे असं काही काही सांगतात. एकीने मात्र सांगितलं होतं, "ग्रुपमध्ये गेले की मी ग्रुपची आई होते." मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं.

पण एकटीने जाणं हे दोघांच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. आम्हाला दोघांनाच जायचं आहे. कांजूरमध्ये वारा फिरला की डम्पिंगचा वास येतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि त्या बंद खोलीत आम्ही दोघं एकाच लॅपटॉपवर नकाशे उघडून बसतो. त्या वेळाइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

*

मग दोघांच्या प्रवासाचं लेखन कसं असावं? मला तयार उत्तर सापडलं नाही. पण वाचक म्हणून मी आता तीन गोष्टी तपासतो. पुस्तकात, व्लॉगमध्ये, रीलमध्ये, कुठेही.

एक, जिथे जिथे 'आम्ही पाहिलं' असं येतं तिथे थांबून विचारतो: दोघांनी?

दोन, सोबतचं माणूस एकदा तरी चुकतं का? नेहमी बरोबर असणारा जोडीदार हा लिहिणाऱ्याने सोयीने तयार केलेला जोडीदार असतो. माझ्या पोस्टमध्ये बायकोने एकही चूक केलेली नव्हती. मी त्याला प्रेम समजत होतो.

तीन, दोघांना एकच गोष्ट वेगळी दिसली असं कुठे आहे का? एकाच खिडकीतून पाहूनही दोन माणसांना एकच दृश्य दिसत नाही. ज्या वर्णनात हा फरक नाही, ते एका माणसाचं वर्णन आहे, कितीही अनेकवचनी क्रियापदं वापरली तरी.

या कसोट्या लावल्या तर 'अपूर्वाई' पूर्ण उतरत नाही, माझी पोस्ट तर अजिबात नाही. तरी 'अपूर्वाई' मी परत वाचेन, कारण त्यातला माणूस स्वतःला मोठा करत नाही, आणि हे प्रवासलेखनात आजही दुर्मीळ आहे. फक्त पुढच्या वेळी त्याच्या शेजारी 'आहे मनोहर तरी' उघडं ठेवीन. एक संपवून दुसरं घ्यायचं नाही. एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं. ज्यांना मोबाईलवर वाचायचं आहे त्यांनी दोन टॅब उघडावेत.

*

त्या रात्री मी तिला विचारलं होतं, "मग तुला अंगकोर कसं वाटलं?" परत येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी हे पहिल्यांदा विचारत होतो.

ती आर्किटेक्ट आहे. ती म्हणाली की बस मिळाल्यावर ती एकटीच आत गेली होती, मी तेव्हा तळ्याकाठी फोटो निवडत होतो. आतल्या लांब, अरुंद गॅलऱ्यांमधून चालताना तिने छताकडे पाहिलं. बाराव्या शतकातलं एवढं अवाढव्य देऊळ, पण ते बांधणाऱ्यांनी आपण ओळखतो तशी खरी कमान वापरलेली नाही. दोन्ही बाजूंचे दगड एकेक थर थोडे थोडे पुढे काढत आणले आहेत आणि वर नेऊन टेकवले आहेत. असं केलं की फार रुंद छत पेलता येत नाही. म्हणून ते बाहेरून इतकं पसरलेलं आणि आतून इतकं चिंचोळं.

"त्यांना जे येत नव्हतं," ती म्हणाली, "ते न येता त्यांनी एवढं बांधलं. मी तिथे दहा मिनिटं मान वर करून उभी होते. मागून लोक ढकलत होते."

माझ्या पोस्टमध्ये अंगकोरसाठी एक विशेषण होतं. भव्य.

मी म्हटलं, तू हे लिही. आपण ते पोस्टला जोडू. ती म्हणाली, बघू. आज वर्ष होत आलं, तिने लिहिलेलं नाही. मीही आता मागे लागत नाही. आपण तिच्याकडून लिहून घेतलं तर ते पुन्हा माझंच काम तिने केल्यासारखं होईल, आणि गप्प राहायची मुभा हीसुद्धा माणसाला असावी. तिची ती दहा मिनिटं मी इथे लिहिली ती तिला विचारून. तिने वाचून एक शब्द बदलला. मी 'कोंदट' लिहिलं होतं, तिने 'चिंचोळं' केलं.

मूळ पोस्टमधलं ते वाक्य मी दुरुस्त केलं. आता तिथे 'मी सूर्योदय पाहिला' एवढंच आहे. त्या वाक्याला आता कोणी स्टोरीला लावणार नाही.

पुढच्या महिन्यात आपण इंडोनेशियाला चाललोय, असं मी परवा तिला म्हणत होतो. पासपोर्ट यावेळी माझ्याकडे आहेत. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेत. रात्री झोपताना दोनदा उठून बघतो, आहेत ना.